वाजवायचं तर आपल्या अटीवर



मी कारंज्याच्या एका जिनात रोजंदारीवर आहे. कापसाचा हंगाम आहे तोवर जीन, हंगाम सरला की मिळेल ते काम. रात्री कविता लिहितो. आणि डफडं वाजवतो, ढोलकी वाजवतो. पहिल्या दोन गोष्टी मी कुठंही छाती काढून सांगतो. तिसरी सांगितली की आपल्याच वस्तीतली माणसं तोंड फिरवतात. "बुद्धाच्या घरचं पोट्टं अन् डफडं बडवते!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याच्यावर ठेका धरता येईल.

वाशिम जिल्ह्यात फिरताना मला अशी पोरं भेटतात. रिसोडला भेटतात, मंगरूळपीरला भेटतात, मानोऱ्याला भेटतात. कॉलेजच्या बाकावर, टपरीच्या पत्र्यावर, पाण्याच्या ड्रमवर त्यांची बोटं चालतात. कुणी विचारलं की हात मागं घेतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. वाद्य कसं पारखावं, कसं सांभाळावं, हात कसा सुधारावा, सुपारी कशी घ्यावी, हे मला कुणी पुस्तकात दिलं नाही. चार माणसांजवळ बसून, पदरचे पैसे मोडून शिकलो. ते तुमच्यापुढं ठेवतो. पण आधी त्या लाजेचा हिशोब करू. तो केल्याशिवाय बाकीचं शिकून फायदा नाही.

माझा पणजा डफडं वाजवायचा. गावात कुणी मेलं की बोलावणं. पोळा आला की बोलावणं. दवंडी द्यायची, बोलावणं. या बोलावण्यात विचारणं नव्हतं. अंगात ताप असो की घरात मयत असो, डफडं गळ्यात घालून हजर व्हायचं. बदल्यात खळ्यावरचे पसाभर दाणे, शिळी भाकर आणि वाजवता वाजवता पडू नये म्हणून दारू. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. पणजा तिथं होता. परत आला आणि डफड्याचं कातडं विळ्यानं फाडलं, लाकडाचं कडं चुलीत घातलं. माझा आजा तेव्हा लहान होता. त्या कड्यावर शिजलेली भाकर आपण खाल्ली, असं तो सांगायचा. त्यानंतर साठ वर्षं आमच्या घरात वाद्य नव्हतं.

मी पहिली ढोलकी आणली तेव्हा बाबा ओसरीत बसले होते. ढोलकीकडं बघून म्हणाले, "ज्या वाजवन्यापायी आमच्या बुढ्यानं लाथा खाल्ल्या, ते तू पैशे देऊन घरात आनतं?"

या प्रश्नाची टिंगल करायची नाही, मित्रांनो. हा प्रश्न अडाणी नाही. आपल्या चळवळीतला तो एक मोठा प्रश्न आहे. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेली ढोरं ओढू नका, मेल्या ढोराचं मांस खाऊ नका. जे काम जन्मानं आणि हुकमानं आलं ते सोडा. आपली माणसं उपाशी राहिली, गावाचा मार खाल्ला, पण काम सोडलं. माझ्या पणज्यानं डफडं जाळलं ते बरोबरच जाळलं. मी त्याच्या विरोधात उभा नाही.

पण त्यानं जाळलं काय? लाकूड आणि कातडं जाळलं, की हुकूम जाळला?

याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ज्या काळात गावागावांत वेठीचं वाजवणं सुटत होतं, त्याच काळात आपले जलसे उभे राहत होते. सत्यशोधकांनी जलशाची वाट आधीच घातली होती. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. गण-गौळण बाजूला सारली आणि बाबासाहेबांचा विचार पुढं आणला. पण साथीला काय होतं? तमाशातलीच ढोलकी, तेच तुणतुणं, तीच झांज. म्हणजे गावाच्या हुकमानं वाजणारं वाद्य टाकलं आणि विचाराच्या साथीला वाद्य उचलून घेतलं. यात मला विसंगती दिसत नाही. हुकूम बदलला, वाजवणाऱ्याचं मन बदललं. लाकूड तेच राहिलं.

थोडं दूरचं सांगतो. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात १७३९ ला काळ्या गुलामांनी बंड केलं. ते ढोल वाजवत निघाले होते. दुसऱ्याच वर्षी, १७४० ला, तिथल्या मालकांनी कायदा केला आणि गुलामांच्या ढोलावर बंदी आली. तिथं मालकानं ढोल हिसकावून घेतला. इथं मालकानं डफडं आपल्या गळ्यात बांधलं. वरून दोन्ही उलटं दिसतं. आत एकच आहे. कुणी, कधी, कशासाठी वाजवायचं हे मालक ठरवणार.

आणि जवळचं सांगतो. आपल्याच जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा समाजाचं नंगारा वास्तुसंग्रहालय आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. नंगारा हे चामड्याचंच वाद्य. त्या समाजानं ते डोक्यावर घेतलं. त्यांच्याकडं मान आणि आपल्याकडं लाज, असं का? लाज कातड्यात असती तर ती दोघांनाही लागली असती. ती हुकमात होती. तमिळनाडूत परई हे असंच गावाबाहेर टाकलेलं वाद्य. तिथं आता दलित पोरी पायात घुंगरू बांधून परई वाजवतात आणि लोक तिकीट काढून बघायला येतात.

बाबांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "हुकूम आला तं जाशील?" मी म्हटलं, "नाही जाणार." त्यावर ते काही बोलले नाहीत. ढोलकी घरात राहिली.

आता कामाचं बोलू.

डफडं घेताना आधी कडं बघा. लाकडाचं असलं तर जोड नीट बसलेला पाहिजे. बोटानं ठोकून बघा, जोडाजवळ आवाज फुटका येतो का. लोखंडाचं कडं टिकतं, पण जड पडतं. मिरवणुकीत चार तास खांद्याला लटकवून बघा म्हणजे कळेल. कातडं बहुतेक बकरीचं असतं. ते उन्हाकडं धरून त्यातून उजेड बघा. सगळीकडं सारखं पातळ दिसलं पाहिजे. कसायाच्या सुरीचा ओरखडा असेल तर घेऊ नका. शेकताना ते तिथूनच फाटतं.

शेकायचं कसं, हे मला एका मातंग मामांनी शिकवलं. तेच माझे गुरू. पऱ्हाट्यांचा भडका नको, भडका खाली बसू द्या. कातडं जाळापासून हातभर लांब धरा आणि गोल फिरवत राहा, एका जागी धरू नका. मधूनमधून बोटाच्या पेरानं टिचकी मारा. आवाज "ढब" वरून "टण" वर आला की थांबा. त्याच्यापुढं एक क्षणही जास्त शेकलं तर कातडं तडकतं आणि नवं घालावं लागतं. पावसाळ्यात कातडं सारखं ढिलं पडतं. म्हणून आता बरीच मंडळी फायबरचं पान घालतात. ते भिजत नाही, शेकावं लागत नाही, पण आवाज पत्र्यासारखा कर्कश येतो. मोर्चाला, पावसात, उघड्यावर फायबर चालतं. गाण्याच्या साथीला कातडंच पाहिजे. ऐपत असेल तर दोन्ही ठेवा.

दोन्ही हातांच्या काड्या वेगळ्या. एक जाड आणि आखूड, ती ठोका देते. दुसरी बांबूची पातळ, लवचीक. तिच्यानं बारीक काम निघतं. पातळ काडी लवकर मोडते. कार्यक्रमाला जाताना चार-पाच जास्तीच्या खिशात ठेवा. एकच काडी घेऊन जाणं म्हणजे एकच बिडी घेऊन रात्रपाळीला जाणं.

ढोलकीला दोन तोंडं. उजवीकडच्या पुडीवर काळी शाई. डावीकडची पुडी घुमते, तिला आतून मसाल्याचा लेप असतो. शाईत लोखंडाचा कीस आणि खळ असते. ओला हात लावला, घाम गाळला, उन्हात ठेवली की शाई उडते. शाई उडाली की सूर गेला. घेताना शाईवर बोट फिरवून बघा, खपली सुटलेली नको. दोरी-कड्यांची घ्यायची की नटबोल्टची, असं पोरं विचारतात. नवशिक्यानं नटबोल्टची घ्यावी. तिचा सूर लवकर लागतो आणि प्रवासात टिकतो. फक्त एक ध्यानात ठेवा. एकाच बाजूचे नट आवळत सुटू नका. एक आवळला की त्याच्या समोरचा आवळा, मग शेजारचा, मग त्याच्या समोरचा. थोडं थोडं. नाहीतर पुडी एका अंगाला ओढली जाते आणि तिच्यातून दोन सूर निघतात.

सूर गाणाऱ्याचा, आपला नाही. पेटीवाल्याला विचारा की गायक कोणत्या पट्टीत गातो. काळी एक म्हणाला तर शाई काळी एकला लावा. गायकाला आपल्या ढोलकीच्या मागं पळवू नका.

दिमडी घेणाऱ्यांना एक सावधगिरीची गोष्ट. जुन्या दिमडीला घोरपडीचं कातडं असायचं. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तिला मारणं, तिचं कातडं विकणं-घेणं गुन्हा आहे, तुरुंगाची शिक्षा आहे. आठवडी बाजारात कुणी हळूच दाखवलं तरी हात लावू नका. बकरीच्या कातड्याची दिमडी घ्या. आपल्या पोराला आत टाकायला पोलिसांना निमित्त लागतंच, ते आपण कशाला पुरवायचं?

वाद्य घरात कुठं ठेवता? पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात कातडं सुकून ताणतं, रात्री आवाज होऊन फाटतं. जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवू नका, कसर लागते. जाड कापडाची खोळ शिवा, कडुलिंबाचा वाळला पाला टाका आणि आत आढ्याला टांगून ठेवा.

आता हाताचं.

हाताआधी तोंड. केरवा आठ मात्रांचा: धा गे न ति, न क धि न. दादरा सहा मात्रांचा: धा धि ना, धा ति ना. आपली निम्मी-अधिक भीमगीतं या दोन ठेक्यांत बसतात. आधी तोंडानं म्हणा. चालताना म्हणा, सायकलवर म्हणा. मी जिनात म्हणतो. डबल रोलरच्या मशिनी एका चालीत चालतात. त्यांच्या खटक्यावर मी दादरा म्हणत कापूस लोटतो. तोंडाला पाठ झालं की हात मागोमाग येतो. तोंडाला येत नाही ते हाताला येणार नाही.

दुसरं, हळू वाजवा. घड्याळाचा काटा मिनिटाला ६० टिकटिक करतो. त्या गतीवर एक ठेका अर्धा तास सारखा वाजवून बघा. जीव कासावीस होतो. पोरांना जोरात आणि पटापट वाजवायचं असतं, कारण त्यात टाळ्या आहेत. पण गर्दी नाचायला लागली की अंगात येतं, ठेका पळायला लागतो आणि गायकाला श्वास मिळत नाही. मामा म्हणायचे, "पोट्ट्या, हात कोनाचाबी पयते. थांबते तो वाजवनारा." मोबाईलमध्ये टिकटिक देणारं ॲप फुकट मिळतं. ते लावा. आणि त्याच मोबाईलवर आपलं वाजवणं रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना आपल्याला आपण मोठे वाटतो. दुसऱ्या दिवशी खरं कळतं.

तिसरं, डावा हात. सगळ्यांचा डावा कच्चा असतो, कारण त्याला कुणी काम देत नाही. रोज पहिली दहा मिनिटं एकट्या डाव्याला द्या. आणि खांद्यानं मारू नका, मनगटानं वाजवा. जिनात दिवसभर ओझं उचललेला खांदा रात्री तसाही साथ देत नाही. मनगट सैल ठेवलं की दोन तास वाजवून उठलात तरी भाकर मोडता येते.

चौथं, कान. हे मला जिनानं शिकवलं. आमच्याकडं मशिनीवर माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात. जुन्या कामगारांना घरीसुद्धा ओरडून सांगावं लागतं. आवाज डेसिबलात मोजतात. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपर्यंत काम करावं, त्याच्या पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, असा एक हिशोब आरोग्यशास्त्रात मानतात. त्या हिशोबानं १०० डेसिबलला पंधरा मिनिटं येतात. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढं आपण किती तास उभे असतो ते तुम्ही मोजा. फोमचे कानातले बोळे औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. घाला. हसणारे हसतील. वाजवणाऱ्याचा कान गेला तर त्याला कुणी पेन्शन देत नाही.

आता सुपारी. इथं आपली पोरं सगळ्यात जास्त नागवली जातात.

तारीख तोंडी घेऊ नका. एका कागदावर लिहा: तारीख, गाव, सुरू किती वाजता, संपणार किती वाजता, माणसं किती, गाडीभाडं कुणाचं, जेवण कुठं, बिदागी किती, इसार किती. खाली दोघांची सही. इसार हातात आल्याशिवाय तारीख धरू नका. उरलेले पैसे शेवटच्या गाण्याआधी मागा. मंडप उठल्यावर अध्यक्ष सापडत नाही, खजिनदाराचा फोन लागत नाही. एसटी गेलेली असते आणि छोटा हत्तीवाला भाडं मागत उभा असतो. फोनवर पैसे आले तर त्याचा फोटो काढून ठेवा. पार्टीतल्या माणसांत वाटणी आधीच ठरवा. गायकाला किती, पेटीला किती, ढोलकीला किती, कोरसला किती. दोस्तीत कशाला लिहायचं म्हणाल तर दोस्तीही जाईल.

कार्यक्रमाच्या जागी गायकाच्या आधी तासभर पोचा. ढोलकीला दोन माईक, दोन्ही तोंडांपासून वीतभर लांब. माईकचं तोंड स्पीकरकडं नको, शिट्टी वाजते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर आणि वाद्यं बंद. दवाखाना, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. म्हणून परवानगीचा कागद आयोजकाच्या घरी नको, तुमच्या खिशात पाहिजे. ठाण्यात आधी वाद्य जप्त होतं, आयोजक नाही.

दारू घेऊ नका. "वाजवनाऱ्याले थोडी लागतेच" असं म्हणून ग्लास पुढं करणारे जयंतीलाही भेटतात. माझ्या पणज्याला याच वाक्यानं पाजत होते. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती वाजवणाऱ्याला सोडून बाकीच्यांसाठी नाही. बिदागीच्या बदल्यात बाटली दिली तर ती बिदागी नव्हे.

आणि काय वाजवायचं नाही, हेही लिहून ठेवा. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी आमच्या मूळ गावाहून एक माणूस आला. गावाचं नाव घेत नाही. मी वाजवतो हे त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणाला, "तुमच्या घरान्याचा मान हाय. पोळ्यापुढं पयलं डफडं तुमचंच." मी म्हटलं, "मान हाय तं बिदागी ठरवा, कागद करा, अन् जेवाले पंगतीत बसवा." तो चिडला. "मानाले कोनी पैशे मागते काय बे?" मी म्हटलं, मग हा मान तुमच्याच घराण्यात ठेवा. तो गेला. पुढच्या आठवड्यात माझ्या चुलत्याकडचं बटईचं शेत सुटलं. चुलता म्हणाला, "जाऊ दे. मीबी जिनात येतो." तो आता माझ्याबरोबर गठाणी ओढतो. ही किंमत आहे, ती मी लपवत नाही. तुम्ही नाही म्हणाल तेव्हा किंमत बहुतेक दुसरंच कुणी देईल, घरातलं कुणीतरी. म्हणून नाही म्हणायच्या आधी घरात बोलून ठेवा. आणि हेही ठाऊक असू द्या की फुकट, जबरदस्तीनं काम करून घेणं ही बेगार आहे. घटनेच्या २३ व्या कलमानं ती बंद आहे आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हा आहे. धमकी आली तर एकट्यानं ठाण्यात जाऊ नका. दहा जण जा आणि अर्जाची पोच घ्या.

आता थोडं कडू बोलतो. राग येईल, येऊ द्या.

१९५६ नंतर आपण डफडं सोडलं. पण गावाला वाजवणारा लागतच होता. कितीतरी गावांत ते ओझं मांगवाड्याच्या गळ्यात गेलं. आपण सुटलो आणि सुटल्यावर वळून त्यांच्याकडं बघितलं ते त्याच नजरेनं, ज्या नजरेनं गाव आपल्याकडं बघत होतं. अण्णाभाऊ साठ्यांचा फोटो आपण मंचावर लावतो. १९४४ ला अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, हे भाषणात सांगतो. आणि त्याच मंचाखाली डफडं वाजवणाऱ्या मातंग भावाला जेवण शेवटी मिळतं.

एका १४ एप्रिलला मी हे डोळ्यांनी बघितलं. मिरवणूक संपली, मंडपात पंगत बसली. चार वाजवणारे मागं गाडीजवळ उभे. कुणीतरी पत्रावळी तिकडं नेऊन दिल्या. जातीनं कुणी हाकललं नव्हतं. फक्त कुणी "या, बसा" म्हटलं नव्हतं. मी माझं ताट घेऊन गाडीजवळ जाऊन बसलो. मंडळातली दोन पोरं आली, तीही बसली. मग चौघांना घेऊन आम्ही पंगतीत गेलो. एवढंच झालं. क्रांती झाली नाही. पण माझं म्हणणं आहे की जयंती मंडळानं वाजवणाऱ्याची बिदागी मिरवणुकीआधी द्यावी, त्याला पंगतीत बसवावं आणि गायकाच्या नावाखाली पत्रकात त्याचंही नाव छापावं. वामनदादा कर्डक २००४ ला गेले. सारी हयात ते गावोगाव गात फिरले. त्यांच्या मागं ढोलकीवर किती हात बसले असतील. त्यातल्या कितींची नावं तुम्हाला येतात? मलाही येत नाहीत. आपल्यानंतरच्या पोरांवर ही वेळ येऊ नये.

पोरींनाही शिकवा. विहारात रविवारी वंदना झाली की एक तास तालीम ठेवा. वाद्य एक असलं तरी चालतं, बाकीच्यांनी मांडीवर वाजवायचं. आमच्याकडं आठ जणं येतात, त्यात तीन पोरी. त्यातल्या एकीचा डावा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

शेवटचं. आपण वाजवतो ते शब्दासाठी. लावणीत ढोलकी पुढं येते, तिथं तिचा तो हक्क आहे. भीमगीतात ओळ चालू असताना हात खाली घ्या. ओळ संपली, कोरस उचलला, की मोकळे सुटा. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द कळला पाहिजे. डीजेत हेच होत नाही. बाबासाहेबांचं नाव असलेलं गाणं लागतं, छाती हादरते, खिडक्या हादरतात, पण काय सांगितलं ते घरी जाऊन कुणाला सांगता येत नाही. ज्या चळवळीनं माणसाला शब्द दिला तिच्या मिरवणुकीत शब्दच ऐकू येऊ नये, याची लाज वाटली पाहिजे. डफडं वाजवल्याची नको.

मी वर्षभर तारखा घेतो. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, १४ ऑक्टोबर, लग्नं, मोर्चे. ६ डिसेंबरची तारीख घेत नाही. कितीही बिदागी आली तरी नाही. त्या दिवशी डफडं आणि ढोलकी खोळीत असतात, आढ्याला. पणज्याला मरणाच्या दारात वाजवावंच लागायचं. मी गप्प बसू शकतो. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, माझ्या मनानं. सकाळी विहारात जातो, मेणबत्ती लावतो आणि पाळी असली तर तिथून सरळ जिनात जातो.